मिनी पोकलेनची चेन का उतरते आणि फायनल ड्राइव्ह का बसते

पाइपलाइनचे चर, घरांचे पाये, फळबागेतील खड्डे आणि शहरातील अरुंद गल्ल्यांमधील खोदकाम यांसाठी साधारण १ ते ६ टन वजनाचा मिनी पोकलेन आता महाराष्ट्रात सर्रास वापरला जातो. या यंत्राच्या मालकाला इंजिन ऑइल बदलण्याची तारीख बहुधा तोंडपाठ असते. परंतु दोन्ही बाजूंच्या फायनल ड्राइव्हमध्ये, म्हणजे चेन फिरवणाऱ्या मोटर-गियरच्या डब्यात, स्वतंत्र ऑइल असते आणि तेही ठरावीक तासांनी बदलावे लागते, हे अनेकांना ते ऑइल गळू लागल्यावरच समजते. इंजिन बिघडण्याआधी निदान आवाज करते, धूर सोडते. यंत्र ज्यावर चालते तो चेन आणि चाकांचा भाग मात्र चिखलाखाली झाकलेला असतो, म्हणून त्याच्याकडे लक्ष जात नाही. वास्तविक या भागातील बहुतेक महागड्या बिघाडांची सुरुवात बाहेरून, डोळ्यांना दिसेल अशा ठिकाणी होते: चेनचा वाढलेला झोळ, रोलरांमध्ये घट्ट बसलेली माती, स्प्रॉकेटमागे गुंडाळलेली तार. आतील गियर आणि मोटर यांपर्यंत हा त्रास नंतर पोहोचतो.

आधी रचना पाहू. प्रत्येक बाजूला मागच्या टोकाला दातेरी स्प्रॉकेट असते आणि तेच चेनला ओढते. पुढच्या टोकाला, म्हणजे माती ढकलणाऱ्या पात्याच्या (ब्लेडच्या) बाजूला, आयडलर नावाचे मोकळे फिरणारे चाक असते. यंत्राचे वजन खालच्या रोलरांवर असते आणि वरून परत येणाऱ्या चेनला आधार देण्यासाठी बहुतेक यंत्रांत एखादा वरचा रोलर असतो. आयडलरच्या मागे ग्रीसने भरलेला एक सिलिंडर आणि त्यामागे जबर ताकदीने दाबून बसवलेली स्प्रिंग असते. ग्रीस भरले की आयडलर पुढे सरकतो आणि चेन ताणली जाते. चेनमध्ये दगड अडकला तर स्प्रिंग दबते आणि चेनला क्षणभर मोकळीक मिळते. स्प्रॉकेट ज्या गोल डब्यावर बसवलेले असते तो फायनल ड्राइव्ह. त्याच्या आत हायड्रॉलिक मोटर असते आणि तिची वेगवान फिरकी ग्रहमालेसारख्या रचनेच्या गियरमधून कमी होत होत स्प्रॉकेटपर्यंत येते. वेग घटतो त्या प्रमाणात जोर वाढतो, आणि म्हणूनच तासाला अवघे दोन ते पाच किलोमीटर चालणारे हे यंत्र स्वतःला चिखलातून ओढून काढू शकते.

मिनी पोकलेनला लोखंडी चेनही मिळते, पण रस्ते, फरशा आणि अंगणे खराब होऊ नयेत म्हणून रबरी चेन अधिक पसंत केली जाते. ही चेन निव्वळ रबराची नसते. तिच्या आत पोलादी तारांचे अखंड वेटोळे असते आणि ठरावीक अंतरावर लोखंडी तुकडे बसवलेले असतात; स्प्रॉकेटचे दात या तुकड्यांमध्येच अडकतात. चेनच्या आतल्या बाजूला ३००×५२.५×८० असे आकडे कोरलेले दिसतात. त्यांचा अर्थ रुंदी ३०० मिलिमीटर, दोन लोखंडी तुकड्यांमधील अंतर ५२.५ मिलिमीटर आणि अशा तुकड्यांची संख्या ८०. शेवटच्या दोन आकड्यांचा गुणाकार केला की चेनची लांबी, म्हणजे ४,२०० मिलिमीटर, मिळते. नवी चेन मागवताना केवळ यंत्राचे मॉडेल सांगून भागत नाही, कारण एकाच मॉडेलला वेगवेगळ्या वर्षी वेगळ्या मापाची चेन बसवलेली असू शकते. जुन्या चेनवरचे आकडे वाचून आणि तुकडे प्रत्यक्ष मोजूनच मागणी द्यावी.

आतील पोलादी तारा जवळजवळ ताणल्या जात नाहीत, ही गोष्ट निदानाच्या दृष्टीने फार उपयोगाची आहे. लोखंडी चेनमध्ये पिन आणि बुश झिजतात आणि प्रत्येक सांध्यात थोडी थोडी लांबी वाढत जाते, त्यामुळे ती अधूनमधून ताणावी लागणे स्वाभाविक असते. रबरी चेन मात्र वारंवार सैल पडू लागली, तर पहिला संशय ग्रीसच्या सिलिंडरवर घ्यावा. तेथील सील किंवा व्हॉल्व्ह गळत असेल तर भरलेले ग्रीस दोन दिवसांत बाहेर येते. गळती दिसत नसेल तर चेनच्या आतील तारा तुटू लागल्या आहेत का, हे पाहावे लागते. दर आठवड्याला ग्रीस भरत राहणे हा यावरचा उपाय नव्हे.

ताण योग्य असणे इतके महत्त्वाचे का, हे दोन्ही टोकांकडून पाहिल्यास लक्षात येते. चेन सैल असेल तर वळताना किंवा आडव्या उतारावर बाजूने जोर येताच ती रोलरांच्या कडेवरून सरकते आणि उतरते. ती उतरली नाही तरी स्प्रॉकेटचे दात लोखंडी तुकड्यांवरून उडी मारतात, तेव्हा कट्-कट् असा आवाज येतो आणि प्रत्येक आवाजासोबत दातांची व तुकड्यांची धार जाते. चेन अति घट्ट असेल तर आवाज येत नाही, यंत्र चालतेही नीट, पण आयडलरच्या बेअरिंगवर, रोलरांवर आणि फायनल ड्राइव्हच्या बेअरिंगवर सतत ओढ राहते, डिझेल अधिक जळते आणि आतील तारांवर ताण येतो. माझ्या मते आपल्याकडे घट्ट चेनचेच नुकसान अधिक होते, कारण एकदा चेन उतरल्यावर ऑपरेटर तो प्रसंग पुन्हा नको म्हणून दोन पंप ग्रीस जास्तच भरतो.

झोळ मोजण्यासाठी यंत्र सपाट व घट्ट जमिनीवर उभे करावे, वरचा भाग बाजूला वळवावा आणि बकेटची गोलाकार पाठ जमिनीवर टेकवून, बूम (यंत्राला जोडलेला मोठा दांडा) व आर्म (बकेट धरणारा पुढचा दांडा) यांच्यात साधारण ९० ते ११० अंशांचा कोन ठेवून ती बाजू उचलावी. बकेटच्या दातांवर भार देऊन उचलू नये. ते जमिनीत रुततात आणि यंत्र डोलते. त्यानंतर चेन पुढे-मागे फिरवून माती झाडून टाकावी, कारण चिकटलेल्या मातीमुळे चेन प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा घट्ट भासते. काही ब्रँडच्या रबरी चेनवर जोडाची खूण असते. ती वरच्या बाजूला मधोमध आणून मगच माप घ्यावे, असे त्यांच्या पुस्तिकेत सांगितलेले असते. मधल्या रोलरचा खालचा पृष्ठभाग आणि लोंबणाऱ्या चेनची आतील बाजू यांमधील अंतर म्हणजे झोळ. अनेक लहान यंत्रांत रबरी चेनसाठी हे अंतर १० ते २० मिलिमीटरच्या आसपास दिलेले असते आणि लोखंडी चेनसाठी ते बरेच जास्त असते; तथापि प्रत्येक यंत्राचे माप वेगळे असल्याने आपल्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. ताण दिल्यानंतर चेन काही फेरे फिरवून माप पुन्हा घ्यावे. उचललेल्या यंत्राखाली भक्कम आधार दिल्याशिवाय कोणीही हात किंवा डोके घालू नये, आणि चेन फिरत असताना तिच्या पुढे-मागे उभे राहू नये, कारण अडकलेला खडा गोफणीतून सुटल्यासारखा येतो.

ग्रीसच्या व्हॉल्व्हबद्दल वेगळे सांगणे आवश्यक आहे. दिसायला तो ग्रीसच्या साध्या निपलसारखा असतो, पण त्याच्या मागे चेनच्या संपूर्ण ताणाइतका दाब साठलेला असतो. चेन सैल करताना तो पान्ह्याने अगदी हळू आणि साधारणपणे एका फेऱ्यापेक्षा कमीच फिरवावा. बाजूच्या खाचेतून ग्रीस आपोआप बाहेर येते. ग्रीस येत नाही म्हणून व्हॉल्व्ह पूर्ण सोडला, तर तो गोळीसारखा उडू शकतो. अशा दाबाने ग्रीस त्वचेखाली घुसल्यास बाहेरून केवळ बारीक टोचल्यासारखे दिसते आणि वेदनाही सुरुवातीला कमी असते. तरीही त्याच तासात रुग्णालय गाठावे लागते, कारण उशीर झाल्यास बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. आयडलरमागची स्प्रिंग तर कामाच्या जागेवर कधीच खोलू नये.

यंत्र कसे चालवले जाते यावरही झीज ठरते, आणि येथे एक गोष्ट सहसा कोणी समजावून सांगत नाही. यंत्र पुढे जाते तेव्हा मागचे स्प्रॉकेट जमिनीवरच्या चेनला आपल्याकडे खेचते. त्यामुळे ताण शेवटचा रोलर आणि स्प्रॉकेट यांमधील छोट्याशा भागापुरता राहतो आणि वरची चेन निवांत असते. यंत्र मागे जाते तेव्हा स्प्रॉकेट वरच्या चेनला ओढते. आता वरची संपूर्ण बाजू आणि आयडलरभोवतीचा वळसा भाराखाली येतो, आयडलर मागे रेटला जातो, स्प्रिंग दबते आणि मिळालेला सैलपणा स्प्रॉकेटच्या खालच्या बाजूस गोळा होतो. दात उडी मारतात ते बहुधा अशा वेळी. म्हणून लांबचे अंतर शक्यतो पुढच्या दिशेने जावे, आणि मागे जाताना ससा (जलद वेगाची खूण) बंद करून कासव (मंद वेगाची खूण) चालू ठेवावे. वरचा भाग उलटा फिरलेला असेल तर ऑपरेटरला आपण पुढे चाललो आहोत असे वाटते, प्रत्यक्षात यंत्र मागे जात असते. ब्लेड कुठे आहे ते पाहणे ही खात्रीची खूण.

जागच्या जागी गर्रकन वळणे हे रबरी चेनचे दुसरे दुखणे. दोन्ही चेन विरुद्ध दिशांना फिरवून वळताना रबर जमिनीवर घासले जाते. मऊ मातीत याचे फारसे काही वाटत नाही, पण काँक्रीट, डांबर किंवा धारदार खडीवर एकेका वळणात रबराचे खवले निघतात. जागा असेल तर थोडे पुढे-मागे करत मोठे वळण घ्यावे. पदपथाची कड किंवा पायरी तिरकी चढल्यास चेनच्या काठावर सगळा भार येतो आणि तेथे चीर पडते. ती सरळ चढावी आणि शक्य असल्यास फळी टाकावी. चीर लहान दिसली तरी तिच्यातून पाणी आतील तारांपर्यंत जाते आणि तारा गंजतात. कोकणात खाडीच्या खाऱ्या चिखलात काम झाले असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुणे म्हणूनच गरजेचे आहे. खत आणि शेण साचलेल्या जागेनंतरही हेच करावे. डिझेलने चेन धुण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, ती मात्र पूर्णपणे बंद व्हायला हवी. डिझेल, ऑइल आणि ग्रीस यांनी रबर फुगते आणि ठिसूळ होते.

मातीविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण दख्खनच्या पठारावरील काळी माती ही या यंत्राची खरी परीक्षा असते. या मातीतील चिकणमातीचे खनिज पाणी शोषून फुगते आणि वाळताना आक्रसून दगडासारखे कडक होते. दिवसभर ओल्या रानात चालल्यावर ती रोलरांमध्ये, आयडलरच्या कमानीत आणि स्प्रॉकेटच्या दातांमध्ये ठासून भरते. संध्याकाळी ती खोऱ्याने पाच-दहा मिनिटांत निघते. रात्रभर तशीच राहिली तर सकाळी रोलर फिरत नाहीत, आणि न फिरणाऱ्या रोलरवरून चेन घसरत राहिली की त्याची एक बाजू सपाट होते. असा रोलर पुन्हा कधीही नीट फिरत नाही. म्हणून साफसफाई सकाळी काम सुरू करताना न करता संध्याकाळी, माती ओली असतानाच करावी. हेल्पर घरी जायच्या घाईत असतो हे खरे, पण देखभालीच्या सगळ्या कामांत मला हेच काम सर्वांत मोलाचे वाटते. जांभ्याच्या किंवा मुरमाच्या जागी चिकटपणा कमी असतो, तेथे अणकुचीदार दगड अडकले आहेत का एवढे पाहिले तरी पुरते.

साफसफाई करताना स्प्रॉकेट आणि मोटर यांमधील फटीकडे खास लक्ष द्यावे. तेथे फायनल ड्राइव्हचे मुख्य सील असते. या सीलमध्ये आरशासारख्या गुळगुळीत केलेल्या दोन धातूच्या कड्या एकमेकींवर टेकलेल्या असतात आणि त्यांना मागून दोन रबरी कड्या रेटून धरतात. जात्याची खालची तळी स्थिर राहते आणि वरची फिरते, तशीच येथेही एक कडी स्थिर असते आणि दुसरी फिरते. फरक इतकाच, की येथे मध्ये काही दळले जाता कामा नये. शेतातील ठिबकच्या नळ्या, बांधणीची तार, नायलॉनची दोरी, पोत्याचे धागे किंवा आच्छादनाचा प्लॅस्टिक कागद या फटीत गुंडाळला गेला, की तो आतील कड्यांपर्यंत सरकतो आणि बारीक मातीला वाट करून देतो. त्यानंतर दोन गोष्टी एकाच वेळी घडतात: ऑइल बाहेर येते आणि चिखलाचे पाणी आत जाते. गुंडाळलेले काही दिसल्यास ते ओढून तोडण्याऐवजी कापून पूर्ण काढावे. उच्च दाबाच्या पाण्याचा फवारा या फटीत जवळून मारणे हेही सीलवर अन्याय करणारेच आहे.

आता आतील ऑइल. फायनल ड्राइव्हमध्ये दोन वेगळी ऑइले वावरतात. मोटरमधून हायड्रॉलिक ऑइल वाहते, तर गियरच्या डब्यात गियर ऑइल असते. बाजारात ज्याला नव्वद नंबरचे ऑइल म्हणतात तसे किंवा पुस्तिकेत दिले असेल ते. लहान यंत्रात प्रत्येक बाजूला ते साधारण लिटरभर किंवा त्याहून कमी मावते, आणि इतक्या थोड्या ऑइलवर सगळे गियर अवलंबून असल्यामुळे थोडी गळतीही गंभीर ठरते. नवीन गियर एकमेकांशी जुळताना धातूचा बारीक चुरा सोडतात, म्हणून पहिला बदल लवकर करावा लागतो. काही उत्पादक तो ५० तासांनीच सांगतात. त्यानंतरचा बदल यंत्रानुसार ५०० किंवा १,००० तासांनी असतो. यंत्र थोडे चालवून ऑइल कोमट करावे, निचऱ्याचा बोल्ट अगदी खाली येईल अशा स्थितीत स्प्रॉकेट थांबवावे आणि ऑइल स्वच्छ ताटात काढावे. नवे ऑइल पातळीच्या भोकातून ओघळू लागेपर्यंतच भरावे. जास्त भरले तर गरम झाल्यावर ते फुगते आणि सीललाच बाहेर ढकलते.

ताटातील ऑइल नीट पाहिले तर त्यातून बरेच काही कळते. दुधाळ रंग म्हणजे पाणी शिरले आहे. बोटांत चोळल्यावर राखाडी चकाकी दिसली आणि चुंबकावर मऊ लेप आला, तर ती बहुधा नेहमीची झीज असते. चपटे कपचे किंवा धातूचे दाणे मिळाले तर मात्र बेअरिंग किंवा गियरचा दात गेला आहे असे समजून यंत्र थांबवावे. ऑइल पातळ होऊन त्याची पातळी आपोआप वाढली असेल, तर मोटरच्या शाफ्टचे सील फाटून हायड्रॉलिक ऑइल गियरच्या डब्यात येत आहे.

असे सील फाटण्यामागे एक कारण असे असते की जे मेकॅनिकच्याही नजरेतून सुटते. मोटर २०० बारच्या पुढील दाबावर चालते, पण तिच्या आत झिरपणारे थोडे ऑइल एका बारीक स्वतंत्र नळीतून अगदी कमी दाबाने टाकीकडे परत जायचे असते. ही नळी दबली किंवा काही यंत्रांत तिच्यावर असलेला छोटा फिल्टर तुंबला, तर मोटरच्या कवचात दाब वाढतो आणि सर्वांत कमकुवत दुवा, म्हणजे शाफ्टचे सील, सुटते. नवे सील बसवूनही महिन्याभरात पुन्हा गळती झाली, तर या नळीची तपासणी झाली होती का, असा प्रश्न मेकॅनिकला जरूर विचारावा. नव्या मोटरसोबत हा फिल्टर न बदलणे म्हणजे जुन्या मोटरचा चुरा तसाच मार्गात ठेवणे होय.

यंत्र एका बाजूला ओढत असेल, तर मोटरवर खापर फोडण्यापूर्वी क्रमाने पाहावे. दोन्ही बाजूंचा झोळ सारखा आहे का, एखादा रोलर जाम आहे का, एका फायनल ड्राइव्हचा डबा दुसऱ्यापेक्षा जास्त तापतो का, हे अर्ध्या तासात समजते. त्यानंतरही दोष राहिला तर जाणकार मेकॅनिक इंजिन बंद करून, दाब सोडून, डाव्या-उजव्या मोटरकडे जाणारे होज (ऑइलच्या नळ्या) मधल्या स्विव्हल जॉइंटच्या, म्हणजे फिरत्या वरच्या भागातून ऑइल खाली पोहोचवणाऱ्या सांध्याच्या, खालच्या बाजूला आपसांत बदलतो. मंदपणा दुसऱ्या बाजूला गेला तर दोष पंप, व्हॉल्व्ह किंवा स्विव्हल जॉइंटमध्ये आहे. तो त्याच बाजूला राहिला तर मोटर किंवा तिच्यातील ब्रेक दोषी आहे. या चाचणीला काही तास लागतात, पण विनाकारण नवी मोटर आणण्याचा खर्च वाचतो. होजवरील बारीक गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून शोधावी.

रबरी चेनचे आयुष्य या व्यवसायात साधारण १,२०० ते १,६०० तास धरले जाते, मात्र दगडी जागेत ते बरेच कमी होते. बाहेरचे रबर गेले म्हणून चेन लगेच बाद होत नाही. तारा उघड्या पडल्या किंवा लोखंडी तुकडे निखळू लागले की ती बदलावीच लागते. दोन्ही बाजूंच्या चेन एकत्र बदलणे उत्तम, कारण नव्या आणि झिजलेल्या चेनची जाडी वेगळी असल्याने यंत्र सरळ चालत नाही. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकलेल्या आकड्यांसारखे दिसू लागले असतील तर तेही त्याच वेळी बदलावे. झिजलेल्या दातांवर चढवलेली नवी चेन फार लवकर जुनी होते. नवे स्प्रॉकेट बसवल्यावर त्याचे बोल्ट टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्ह्याने) पुस्तिकेतील मापाला आवळावेत, बोल्टचे डोके आणि स्प्रॉकेट यांवर रंगाची एक सलग रेघ ओढावी आणि काही दिवसांनी ती रेघ तुटली आहे का ते पाहावे.

जुने यंत्र विकत घेताना हेच सगळे ज्ञान उलट्या बाजूने कामाला येते. विक्रेत्याने नुकताच रंग मारलेला असेल तर रंगाखालच्या फटी पाहाव्यात, आणि स्प्रॉकेटमागे ऑइलमध्ये भिजलेली माती आहे का ते पाहावे. लोखंडी चेन असेल तर आयडलर किती पुढे सरकला आहे हे बघावे. तो आपल्या सरकण्याच्या हद्दीला टेकला असेल तर त्या चेनमध्ये ताणण्यासारखे काही उरलेले नाही. दोन्ही लिव्हर सारखे ढकलून वीस-तीस मीटर सरळ रेषेत, एकदा पुढे आणि एकदा मागे, ससा आणि कासव दोन्ही वेगांत चालवून घ्यावे. शेवटी विक्रेत्याच्या परवानगीने दोन्ही फायनल ड्राइव्हचा पातळीचा बोल्ट सोडून थोडे ऑइल बोटावर घ्यावे. विक्रेता यास नकार देत असेल, तर एका फायनल ड्राइव्हची किंमत मागितलेल्या रकमेतून वजा करूनच बोली लावावी.